पाच टोप्या आणि एक पायजमा

३ तारीख, सोमवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तदाब चढलाय, तोंडाला जरा सुट्टी द्या. राग आला की आधी लिहून काढा, मग बोला. मी म्हटलं, बाई, मी चौथी शिकलेली, माझं लिहून होईपर्यंत समोरचा माणूस उठून जाईल. त्या म्हणाल्या, औषध तेच आहे.

नवी वही कशाला? ही मापांचीच वही उलटी धरलीय. पुढून गिऱ्हाइकांच्या छात्या आणि कमरा, मागून माझं डोकं.

तर पहिला राग. मला शेड पाहिजे. घरामागची. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन, कापायचं टेबल, सासूबाईंची खाट आणि मी, एवढ्यात श्वास घ्यायचा तर पाळी लावावी लागते. हेडबाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई, माझं जुनं गिऱ्हाईक. त्या अख्ख्या शाळेचे गणवेश मला द्यायला तयार आहेत. पण त्याला दुसरं मशीन पाहिजे, आणि मशीनला जागा. एक तारखेला त्यांना हो की नाही सांगायचंय.

आणि शेडमध्ये काय? गाडी. दोन वर्षं जागची हललेली नाही. चालू केली की इंजिनात खालून खट-खट-खट, जसं आत कोणाला कोंडलंय. गॅरेजवाला मेस्त्री तेव्हाच म्हणाला होता, मेन बेरिंग गेलं, चालवाल तर इंजिनच जाईल. तेव्हापासून तिच्यावर मी उशांचे अभ्रे वाळत घालते.

आणि खिडकीत आमचे हे. आठ महिन्यांपूर्वी ह्यांचं वाचनालय बंद पडलं, तेव्हापासून खुर्ची घेऊन खिडकीत बसलेत. त्या जागी कुंडी ठेवली असती तर आतापर्यंत फूल तरी आलं असतं.

आज सांगून टाकलं, गाडीसाठी भंगारवाल्याला बोलावते. हे म्हणाले, "नाही."

आठ महिन्यांत एवढ्या मोठ्यानं पहिल्यांदा बोलले. माझ्या हातातली कात्री पडली.

"मग काय, उशाशी घेऊन झोपणार तिला?"

"बेरिंग बदलणार. घरी. मी."

मी इतकी हसले की सासूबाईंनी आतून विचारलं, कोण आलंय? ह्यांनी आणखी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण माझं हसूच थांबेना.

मग पैज लागली. याच वहीत लिहिलीय, खाली दोघांच्या सह्या. तीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत गाडी स्वतःच्या पायांनी शेडबाहेर आली तर गाडी राहील. नाही आली तर भंगार, आणि शेड माझी.

ह्या माणसानं पंचवीस वर्षांत भिंतीत खिळा ठोकलेला नाही. शेड माझीच. मशीनवाल्याला सांगूनसुद्धा आले, एक तारखेला तयार ठेव.

५ तारीख, बुधवार

हे पुस्तक घेऊन बसलेत. वाचनालयाच्या रद्दीत निघालेलं, इंजिन कसं उघडावं याचं, दोनशे बारा पानं. मी म्हटलं, बेरिंगचं पान काढा आणि लागा कामाला. तर म्हणाले, "आधी प्रस्तावना."

पुस्तकाला कागदाचं कव्हर घातलं. मग कागद मळू नये म्हणून वरून प्लास्टिकचं. गाडीला अजून बोट लावलेलं नाही.

संध्याकाळी विचारलं, कुठवर आली स्वारी?

"लेखकानं बायकोचे आभार मानलेत."

"इंजिन तिनंच काढलं असणार," मी म्हटलं.

८ तारीख, शनिवार

इंजिन निघालं. मला वाटलं नव्हतं, पण निघालं.

मेस्त्री साखळीची कप्पी घेऊन आला. मदत कसली, त्याला गंमत बघायची होती. "वहिनी, घरी मेन बेरिंग बदलणं म्हणजे घरी अपेंडिक्स काढणं. निघतं, नाही असं नाही. पण पेशंटला विचारलंय का?"

"पेशंट गेला तर मला शेड मिळते. तू हात चालव."

आता सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे, कान तिखट, जीभ त्याहून. रोज चार वाजता पर्स काखेत मारून जातात आणि त्या बंद गाडीच्या मागच्या सीटवर बसतात. तासाभरानं उतरतात आणि सांगतात, "छान फिरून आले." दोन वर्षं हेच. मी एकदा म्हटलं होतं, अहो, ती हलत नाही. म्हणाल्या, "तुझं तोंड हलतं ना, ते तिथं ऐकू येत नाही."

आजही चारला हजर. हे म्हणाले, "आई, इंजिन काढतोय, आज नको बसूस."

"तुझं तू काढ. इंजिनाचा आणि माझा कधी संबंध आलाय?" आणि बसल्या.

साखळी ओढली, इंजिन वर गेलं, ओझं उतरल्याबरोबर गाडीचं नाक एकदम वर आलं. आतून आवाज आला, "चढ लागला वाटतं."

मेस्त्री हसून हसून साखळी सोडणार होता. मी त्याच्या पाठीत गुद्दा घातला. डॉक्टरीणबाईंनी गुद्द्याबद्दल काही सांगितलेलं नाही.

११ तारीख, मंगळवार

इंजिन शेडमधल्या मोडक्या खाटेवर उलटं पडलंय, पोट उघडं टाकून. ह्यांचे हात काळे, म्हणून पुस्तकाची पानं मला उलटायला लावतात. मी मशीन सोडून पानं उलटतेय. पैज कोणी लावली, राबतंय कोण!

"हे बघ," हे म्हणाले, आणि वाचनालयात पोरांना सांगायचे तसं सांगायला लागले. मधोमध एक वाकडातिकडा जाड दांडा आहे, तो क्रँक. तोच फिरतो म्हणून गाडी पळते. त्याला पाच ठिकाणी धरून ठेवलंय. खालचं अर्धं इंजिनाच्या अंगात, वरचं अर्धं वेगळं, नटबोल्टनं बसवलेलं. त्याला कॅप म्हणतात. आणि दोन्हीच्या आत पातळ पत्र्याच्या दोन अर्ध्या बांगड्या, त्या बेरिंग.

"एवढंच ना? दांडा म्हणजे हात, कॅप म्हणजे कफ, बेरिंग म्हणजे कफाचं अस्तर. अस्तर विरलं, म्हणून हात आत खुळखुळतो. अस्तर बदला."

हे माझ्याकडे बघतच राहिले. "पुस्तकात याला अकरा पानं लागलीत."

"पुस्तकाला गिऱ्हाईक नसतं उभं डोक्यावर."

मी कॅपला टोपी म्हणते. पाच टोप्या. मधली जरा रुंद, शेवटचीच्या कडेला खोबण. बाकीच्या तीन तिळ्या बहिणी. 

मधेच हे म्हणाले, "आणि गाडी चालती झाली ना, की शेडचा प्रश्न तसाही..."

"तसाही काय?"

"काही नाही. पान उलट."

१२ तारीख, बुधवार

क्रँक बाहेर आला. पुस्तकात म्हणे, आडवा ठेवू नये, वाकतो. उभा ठेवावा, धूळ लागू देऊ नये. घरात उभा राहील आणि धूळ लागणार नाही अशी जागा एकच, कपड्यांचं कपाट. ह्यांनी त्याला माझ्या जुन्या गाऊनमध्ये गुंडाळलं आणि कपाटात माझ्या कोटाशेजारी उभा केला.

दुपारी सासूबाईंनी शाल घ्यायला कपाट उघडलं. किंकाळी शेजारच्या गल्लीत गेली असेल. मग स्वतःला सावरून मला म्हणतात कशा, "माणूस ठेवायचाच होता तर जरा उंच तरी बघायचास."

१३ तारीख, गुरुवार

आज राग नाही, वणवा. अक्षर लागलं नाही तर लागलं नाही.

हेडबाईंच्या ऑफिसच्या पडद्यांचं पांढरं कापड टेबलाखाली ठेवलं होतं. सापडेना. शोधत शेडमध्ये गेले, तर तिथं जमिनीवर अंथरलेलं, आणि त्यावर त्या पाच टोप्या, काळ्याकुट्ट, तेल गळणाऱ्या, ओळीनं पालथ्या घातलेल्या. प्रत्येकीच्या शेजारी वाचनालयातलं एक जुनं कार्ड, त्यावर ह्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात आकडा.

हे नटबोल्ट घेऊन मेस्त्रीकडे गेले होते म्हणून वाचले.

कार्डं केरात टाकली. टोप्या बादलीत घातल्या, कढत पाणी, मूठभर धुण्याची पावडर, आणि तारेच्या घासणीनं अशा घासल्या, अशा घासल्या की विचारू नका. पुसून खिडकीच्या कट्ट्यावर ओळीत मांडल्या. घाण मला बघवत नाही, मग ती नवऱ्याची असो नाहीतर इंजिनाची. कापडही भिजवलं, तीन पाण्यांत खळबळलं. बाकी सगळं निघालं, ते पाच काळे डाग हटून बसलेत.

हे परत आले. कट्ट्यापाशी थांबले. एकेक टोपी उचलून उलटीसुलटी बघितली. मला वाटलं, आता बोलतात काहीतरी, मीही तयार होते. तर हळूच म्हणाले, "छान चकाकतायत."

चला, निदान केलेल्याची कदर तरी आहे.

१५ तारीख, शनिवार

हेडबाईंना नवं कापड आणून दिलं. डागाळलेलं टाकवेना, कापड चांगलं होतं. म्हटलं, ज्यानं घाण केली त्यानंच घालावं. ह्यांना पायजमा बेतला. कुठला डाग कुठं येतो ते बघितलंही नाही, रागात कात्री सरळ चालते. एक मांडीवर आला, एक गुडघ्यावर, एकाचे दोन पायांत दोन तुकडे झाले, एक खिशाच्या तोंडाशी, आणि रुंदवाली टोपी आली बरोबर बुडावर.

माप घेतलं. कंबर एकतीस. वहीत मागच्या वर्षीचं बघितलं तर चौतीस. टेप ताणला गेला असणार, म्हणून कमी दाखवतोय. दहा वर्षांचा झाला, नवा आणायला हवा. नाडी घातली, म्हणजे भानगड नाही.

ह्यांनी मुकाट्यानं घातला. म्हणाले, "मस्त सैल आहे."

सासूबाई म्हणाल्या, "मागून एखाद्या देशाचा नकाशा वाटतो."

१९ तारीख, बुधवार

नवी बेरिंगं आली. कागदात गुंडाळलेली, चकचकीत, नाजूक. हातात घेतली तर खरंच वाटेना की ह्यावर गाडी चालते. मेस्त्रीनं क्रँक तपासून दिला, म्हणाला दांडा ठणठणीत आहे, घासायची गरज नाही.

हे आज सकाळी दोनदा जेवायला बसले. एकदा जेवलेत हेच विसरले होते.

२२ तारीख, शनिवार

डॉक्टरीणबाईंकडे गेले. रक्तदाब उतरलाय. त्या म्हणाल्या, बघा, लिहिण्याचा गुण. मी म्हटलं, कसला गुण, दिवसभर त्या शेडमध्ये पानं उलटत बसते, भांडायला वेळ कुठाय?

२५ तारीख, मंगळवार

आज बसवायचं होतं. क्रँक कपाटातून निघाला (सासूबाई: "गेला का पाहुणा? जेवून तरी गेला का?"). नवी अस्तरं लागली, क्रँक मांडला. टोप्या आवळण्याआधी प्रत्येक जागी मेणासारख्या मऊ दोऱ्याचा एक तुकडा ठेवायचा. टोपी आवळली की दोरा दबून चपटा होतो. मग उघडून बघायचं, जितका जास्त चपटा तितकी आत जागा कमी. ते मोजायला एक कागदाची पट्टी येते.

हे पट्टी लावून चष्मा वर-खाली करत होते. मी म्हटलं, सरका. दोऱ्याची जाडी मला पट्टीनं बघावी लागली तर मी शिलाई सोडून देईन. मधली ठीक, खोबणवाली ठीक. बाकीच्या तीन बघितल्या आणि सांगितलं, "ह्या तिघी तिरक्या बसल्यात. दोरा एकीकडे चेचलाय आणि दुसरीकडे नुसता लोळतोय. उजवी बाही डाव्या खांद्याला लावली की अशीच ओढते."

ह्यांचा चेहरा उतरला. सगळं परत आवळून क्रँक फिरवून बघितला. फिरेना. अडकला घट्ट, लोखंडी म्हशीसारखा.

मेस्त्रीला बोलावलं. त्यानं एकदा बघितलं आणि कपाळावर हात मारला. "सर, टोप्यांची अदलाबदल केलीत? कारखान्यात टोपी जागेवर आवळून मग आतलं भोक कोरतात. जिची तिची जागा ठरलेली, तोंडही ठरलेलं. दुसरीकडे बसत नाही. आकडे असतात वर, पण ह्यांच्यावरचे कोणीतरी आधीच घासून टाकलेत. काढताना खुणा नाही केल्या?"

कार्डं. बादली. घासणी.

हे म्हणाले, "माझंच चुकलं. क्रम लिहून ठेवायला विसरलो."

कार्डं केली होती, तीही विसरले म्हणजे कमाल झाली! वयाबरोबर डोकं जातं ते असं. मी गप्प बसले. बसणारच. शेड मला पाहिजे, आणि माणूस स्वतःहून चूक घेतोय तर मधे कशाला तोंड घाला?

तरी जेवण गेलं नाही.

२६ तारीख, बुधवार

ह्यांनी हिशेब मांडलाय. तीन टोप्या, तीन जागा, प्रत्येकीची दोन तोंडं. सगळे मिळून अठ्ठेचाळीस प्रकार. एकेक करून बघणार. टोप्या बसवायच्या, बोल्ट आवळायचे, क्रँक फिरवायचा, अडला, सोडायचे, पुढचा प्रकार. तो आवळायचा पाना असा आहे की हवा तेवढा जोर झाला की 'टक' करतो. दिवसभर टक. टक. टक. माझ्या मशीनपेक्षा जास्त टाके त्यांनी घातले.

संध्याकाळपर्यंत सात प्रकार झाले. चार दिवस उरलेत. हिशेब मलाही येतो.

२७ तारीख, गुरुवार

अकरा वाजता चहा घेऊन गेले. हे खाटेवर वाकलेले, पाठ माझ्याकडे, अंगात तोच पायजमा. आणि माझ्यासमोर, बरोबर ह्यांच्या बुडावर, रुंद टोपीचा छापा. नुसता डाग नव्हे. दोन चौकोन, त्यांत बोल्टची दोन गोल भोकं, एका कोपऱ्याला टवका. खाटेच्या कडेला ठेवलेली रुंद टोपी उचलून बघितली. कोपऱ्याला तोच टवका.

म्हणजे पाचही टोप्या त्या पायजम्यावर आहेत. ओळीनं ठेवल्या होत्या तशा, ज्या तोंडानं ठेवल्या होत्या त्या तोंडानं.

चहा ठेवला आणि निघून आले. एक शब्द बोलले नाही. माझ्या जन्मात मी कुठं एक शब्द न बोलता निघून आलेली नाही.

तीन दिवस. फक्त तीन दिवस तोंड मिटायचं, आणि शेड माझी. दुसरं मशीन खिडकीपाशी, टेबल मधे, गणवेशांचे गठ्ठे भिंतीला. ठरलं. गप्प.

रक्तदाब चढल्यासारखा वाटतोय.

२८ तारीख, शुक्रवार

सकाळी ह्यांची वही सापडली. सापडली म्हणजे मी उघडली. अठ्ठेचाळीस प्रकारांचा तक्ता, तेवीसवर फुल्या. मागच्या पानावर लहान अक्षरात लिहिलेलं: 'गुरुवार १३. कार्डं केरात मिळाली, पण टोप्यांपासून वेगळी. आता उपयोग नाही. तिला सांगू नये. एवढं घासून हात सोलवटलेत तिचे.'

दोनदा वाचलं. मला वाचायला वेळ लागतो म्हणून दोनदा.

बाहेर टक. टक.

मी काही दयाबिया आली म्हणून उठले नाही, हे इथं स्पष्ट लिहून ठेवते. तो आवाज डोक्यात जात होता. माणसाला सहनशक्ती म्हणून काही असते.

शेडमध्ये गेले. हे होते, मेस्त्री खाटेच्या पायथ्याशी बसून विडी ओढत होता, सासूबाई आज सकाळीच मागच्या सीटवर पर्स घेऊन.

मी म्हटलं, "अहो, पायजमा काढा."

पाना ह्यांच्या हातातून पडला. मेस्त्री उठला, "वहिनी, मी येतो नंतर."

"बस खाली. तूही बघ."

"मी काय बघू?" मेस्त्री घाबरला.

"अगं, पण आई आहे," हे म्हणाले.

गाडीतून आवाज, "मी सगळ्यात आधी बघितलंय त्याला. काढ रे, ती ऐकायची नाही."

शेवटी मेस्त्रीच्या गॅरेजातलं पोतं गुंडाळून उभे राहिले. मी पायजमा घेतला, ब्लेड घेतलं आणि सगळी शिवण उसवली. आधी कमरेची पट्टी, मग पाय, मग खिसा. तुकडे जमिनीवर पसरले. आता कुठला तुकडा कुठं होता, हे पुस्तकात नाही, हे माझ्या हातात आहे. मीच बेतलं होतं. काठ काठाला, पुढचा पाय मागच्या पायाच्या बाजूला, खिसा त्या कोपऱ्यातून काढलेला, तो तिकडे. हात फिरत गेला आणि कापड परत अख्खं झालं. आणि त्यावर ओळीनं पाच डाग, एका टोकाला खोबणवाली, मधोमध रुंदवाली.

"आणा टोप्या."

एकेक टोपी छाप्यावर ठेवत गेले, काजावर बटण ठेवावं तशी. एकीच्या कडेला चीर होती, छाप्यालाही चीर. एकीच्या भोकाजवळ खडबडीत फुगवटा, छाप्यातही तिथंच पांढरी जागा सुटलेली. चुकीच्या छाप्यावर ठेवली की कडा जुळेचनात. पाच मिनिटांत पाचही जागेवर.

मेस्त्रीनं विडी विझवली. "वहिनी, गॅरेजात येता का कामाला?"

ह्यांनी टोप्या त्या क्रमानं, त्या तोंडानं बसवल्या. आवळल्या. टक. मी दोरे बघितले, पाचही सरळ, एकसारखे, सरळ शिवणीगत. मग ह्यांनी क्रँकला हात घातला.

दोन बोटांनी फिरला. लोण्यात फिरावा तसा.

हे माझ्याकडे वळले. पोतं सुटत होतं, त्याचं भान नव्हतं. "तुला कधी कळलं?"

"आत्ता," मी म्हटलं.

ह्यांनी मान डोलावली. "मलाही आत्ताच कळलं, की क्रम लिहून ठेवायला मी विसरलो नव्हतो. पायजम्यावर लिहिला होता."

दोघंही खोटं बोललो. पंचवीस वर्षांचा संसार म्हणजे दुसरं काय असतं.

२९ तारीख, शनिवार

इंजिन परत चढलं. गाडीचं नाक खाली आलं. सासूबाई: "उतार."

आज नुसती पळापळ. पाईप, वायरी, ऑइल. एक बोल्ट जास्त उरला. हे पुस्तक चाळायला लागले, मेस्त्री म्हणाला, "एखादा उरतोच, सर. उरला नाही तर मला भीती वाटते." मग तो माझ्या टेबलाचाच निघाला. ह्यांनी कधी काढला देव जाणे, टेबल का डगमगतंय ते आज कळलं.

३० तारीख, रविवार

दुपारी सगळे शेडमध्ये. हे सीटवर, हातात किल्ली, घाम फुटलेला. खिडकीतून मला म्हणाले, "नाही झाली तर शेड तुझी."

"माहितेय. लावा किल्ली."

खरं लिहायचं तर मी डोळे मिटले होते. आणि काय मागावं ते कळत नव्हतं. शेड मागावी की खट-खट होऊ नये हे मागावं? वेळच मिळाला नाही. किल्ली फिरली, घर्रर्र, घर्रर्र, एक काळी उचकी, आणि लागली. मी कान लावला. मेस्त्रीनं कान लावला. खट नाही. नुसती गुणगुण, नवं मशीन तेल घातल्यावर करतं तशी.

मेस्त्रीनं ह्यांना मिठी मारली, खिडकीतूनच. मग हे गाडी बाहेर काढायला लागले आणि मागच्या सीटवरून आरडाओरडा. सासूबाई चारच्या फेरीला आधीच येऊन बसल्या होत्या.

"अरे, हलतेय ही! थांबव!"

"आई, गाडी आहे, हलणारच."

"दोन वर्षं नाही हलली! मला मळमळतंय. चांगली होती ती बिघडवून ठेवलीस!"

गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. हे चालवत होते, मी शेजारी, सासूबाई मागे डोळे घट्ट मिटून. वाटेत हे शीळ घालत होते. ह्या माणसाला शीळ येते हे मला पंचवीस वर्षांत माहीत नव्हतं. बेसूर घालतात.

पैज हरले. लिहून ठेवते. हेडबाईंना उद्या नाही म्हणून सांगायचं.

१ तारीख, सोमवार

सकाळी तोंड धुऊन हेडबाईंकडे निघाले, नाही सांगायला. गाडी गल्लीत भिंतीला लागून उभी. मी ह्यांना म्हटलं, "ही आत कधी घेणार? पावसा-उन्हात रंग जाईल."

"आत कशाला? चालणारी गाडी कुठंही उभी राहते. न चालणाऱ्या गाडीलाच शेड लागते."

म्हणजे शेड रिकामीच राहणार.

"हे तुम्हाला तीन तारखेला माहीत होतं?"

"सांगायला गेलो होतो. तू हसत होतीस. मग अकरा तारखेला सांगायला गेलो..."

"पान उलट म्हणालात!"

"हात काळे होते," हे म्हणाले.

हेडबाईंना हो सांगून आले. परत येताना मशीनही गाडीतूनच आणलं. मागच्या सीटवर मशीन आणि सासूबाई शेजारी शेजारी. सासूबाईंनी तासभर मशीनशी बोलणं सोडलं नाही, म्हणे निदान हे तरी जागेवर बसून राहतं. शेड झाडून घेतली. जमिनीवरचे तेलाचे डाग घासणार होते, मग म्हटलं, असू देत. कधी लागतील सांगता येत नाही.

संध्याकाळी नव्या मशीनवर पहिलं काम ह्यांचा पायजमा. उसवलेला सगळा परत जोडायला घेतला. परवाच नवा टेप आणलाय, म्हटलं माप पुन्हा घेऊ. कंबर साडेबत्तीस. इकडे पंधरा तारखेचं एकतीस लिहिलंय.

म्हणजे जुना टेप ताणलेला होता म्हणून कमी दाखवत होता, ते ठीक. पण हा नवा तर आखूड निघाला, जास्त दाखवतोय. मी रोज तेच रांधते, तेवढंच वाढते, मग माणसाची कंबर अशी परत येईल कुठून? आजकाल कुठल्या वस्तूचा भरवसा नाही. दुकानदार हसून म्हणाला होता, एकदम पक्का माल.

राग आला. आधी लिहून काढला. आता दुकान बंद व्हायच्या आत जाते बोलायला. हे म्हणतायत, चल, सोडतो गाडीनं.